दर जूनमध्ये अडकणारा गिअर आणि मनात येईल तेव्हा चालणारी बटणं : जुन्या मोटरबोटीची दुरुस्ती

"भाऊ, गिअर परत अटकून राहिला ना. काहून होते असं?"

जूनचा तिसरा आठवडा, दोन-तीन दमदार पाऊस पडून गेलेले, आणि हा फोन. सलग तीन वर्षं आला. बोट तीच, तक्रार तीच, महिनाही तोच. नागपुरात माझं छोटं शेड आहे. खिंडसीपासून इकडच्या लहानमोठ्या तलावांपर्यंत चालणाऱ्या बोटींची कामं माझ्याकडे येतात. त्यातली ही सोळा फुटी फायबर बोट. वय वीसच्या वर, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला एकाच लिव्हरचा कंट्रोल बॉक्स. लिव्हर पुढे ढकलला की आधी गिअर पडतो, आणखी ढकलला की रेस वाढते.

तिसऱ्या वर्षी कारण सापडलं. त्यातला मोठा वाटा माझ्याच हातून बसवलेल्या एका सुट्या भागाचा होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण हीच चूक इतर ठिकाणीही होताना मी पाहिली आहे.

लक्षण असं होतं. लिव्हर पुढे जायचा, पण न्यूट्रलला परत आणताना जड व्हायचा. जोर लावला की एकदम सुटून सरळ रिव्हर्समध्ये जायचा. काठाला बोट लावताना हा प्रकार किती धोक्याचा, हे बोट चालवणाऱ्याला सांगायला नको. तुम्ही न्यूट्रल समजून हात काढता आणि बोट पुढेच जात राहते. जोडीला पॅनेलवरच्या बटणांचं रडगाणं होतं. पाणी उपसायच्या पंपाचं बटण तीनदा दाबलं की एकदा चालायचं, दिवे मिणमिणायचे आणि हॉर्न बटणाचा डावा कोपरा दाबला तरच वाजायचा.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. स्पार्क प्लगच्या टोप्या काढा. इंजिन बंद करणाऱ्या लाल दोरीची क्लिप खिशात ठेवा. पुढे हाताने पंखा (प्रोपेलर) फिरवायचा आहे, त्या वेळी चुकूनही इंजिनाने झटका देता कामा नये.

आता जडपणा नेमका कुठे आहे ते शोधायचं. लिव्हर, केबल आणि इंजिनावरचा गिअरचा आडा (केबल ज्याला ओढते तो छोटा दांडा) अशी तीन माणसांची साखळी आहे असं समजा. तिघांना एकमेकांपासून सोडवल्याशिवाय दोषी कळत नाही. इंजिनाचं झाकण उघडून गिअर केबलचं टोक पिनवरून काढा. आता लिव्हर हलवा. तो अजूनही जड असेल तर इंजिन निर्दोष, दोष केबलमध्ये किंवा बॉक्समध्ये आहे. लिव्हर लोण्यासारखा फिरला तर इंजिनावरचा आडा हाताने हलवून बघा. मात्र दुसऱ्या हाताने पंखा हळूहळू फिरवत राहा. गिअरचे दात समोरासमोर आले की थांबलेल्या इंजिनात गिअर पडत नाही. त्याला जाम समजून लोक पान्याने ठोकतात आणि आतला रॉड वाकवून बसतात. आडाच जड असेल तर खालच्या गिअरकेसचा स्क्रू सोडून थेंबभर तेल बघा. ते दुधाळ असलं तर आत पाणी गेलं आहे. मग ते काम वेगळं, सील बदलण्याचं.

इंजिन निर्दोष ठरलं की केबल बॉक्सकडूनही सोडा. दोन्ही टोकं मोकळी करून आतली पोलादी सळई हाताने आत-बाहेर ढकला. चांगली केबल दोन बोटांनी सरकते. खरखर लागली, एका जागी अडली किंवा टोकाच्या सळईवर तांबूस गंज दिसला तर केबल गेली. केबलचं काळं आवरण बोटांनी चाचपत शेवटपर्यंत जा. कुठे फुगवटा लागला तर आतल्या तारा गंजून फुलल्या आहेत. बरेच जण अशा केबलमध्ये तेल ओततात. मीही नवशिका होतो तेव्हा ओतायचो. तेलाने आठवडाभर बरं वाटतं, मग ते आतल्या गंजात आणि धुळीत मिसळून घट्ट होतं. या केबल कारखान्यातून आतलं वंगण घालूनच येतात. बाहेरून तेल पाजायची सोयच त्यात नाही. केबल खराब ठरली की बदलायची, आणि गिअरची व रेसची केबल एकाच वयाच्या असतील तर दोन्ही एकदमच. एक तुटली की दुसरीही फार दिवस काढत नाही.

पहिल्या वर्षी मी या बोटीची केबलच बदलली. जुनी खरंच गंजलेली होती. आपल्याकडे तलावाचं पाणी गोडं, त्यामुळे समुद्रावरच्या बोटीइतका गंज लागत नाही हे खरं. पण विदर्भातल्या बोटीचे शत्रू वेगळे आहेत. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ४५ अंशांच्या पुढे तापणारं ऊन केबलच्या टोकांवरच्या रबराच्या टोप्या फोडतं, ग्रीस सुकवतं आणि वर बारीक धूळ बसवतं. त्या भेगांतून पहिला पाऊस आत शिरतो. केबलचं टोक बॉक्सकडे उतरत असेल तर पाणी थेट कंट्रोल बॉक्सच्या पायाशी साचतं.

त्याच वेळी लिव्हरचा मूळ बुश (लिव्हरचा दांडा ज्यात फिरतो ती बाही) झिजून लिव्हर डावी-उजवीकडे बोटभर हलत होता. मूळ भाग मिळेना. बोटीचे सुटे भाग नागपूरच्या बाजारात तयार मिळत नाहीत, किनाऱ्यावरच्या शहरातून मागवावे लागतात, आणि इतक्या जुन्या मॉडेलचे तर तिथेही नसतात. म्हणून मी ओळखीच्या लेथवाल्याकडून नायलॉनच्या दांड्यातून बुश कातून घेतला. तो पुढच्या मे महिन्यात बसवला. लिव्हर इतका सुरेख बसला की बोटमालकाने चहा पाजला.

लगेच जूनमध्ये परत फोन आला तेव्हा मी केबलच्या मार्गाला दोष दिला. डॅशमागे केबलला खरोखरच एक आवळ वळण होतं. या केबलला २०० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नये. म्हणजे ४०० मिलिमीटर व्यासाच्या गोलापेक्षा वळण आवळ नको. मी केबल फिरवून सैल केली. फरक पडला, पण थोडाच. दिवाळीपर्यंत लिव्हर पूर्ण मोकळा झाला, म्हणून काम जमलं असं मी धरून चाललो. इथेच फसलो. त्याच्या पुढच्या जूनमध्ये फोन आला तेव्हा महिन्याकडे लक्ष गेलं. जूनमध्ये जाम, दिवाळीत मोकळा. दोषाला हंगाम असेल तर कारण पाण्याशी किंवा तापमानाशी बांधलेलं असणार.

या वेळी मी केबल दोन्हीकडून सोडली आणि नुसता लिव्हर हलवला. जड. म्हणजे केबल नाही, इंजिन नाही, बॉक्सच.

बॉक्स उघडताना मोबाइलवर प्रत्येक थराचा फोटो काढत जा. आत स्प्रिंगवर दाबलेला एक छर्रा किंवा रोलर असतो. न्यूट्रलला 'टक्' करून लिव्हर खाचेत बसतो तो त्याच्यामुळे. झाकण निघालं की हा छर्रा उडतो, म्हणून बॉक्स मोठ्या परातीत किंवा पातेल्यात धरून उघडायचा आणि खाली चादर अंथरायची. आतलं जुनं ग्रीस धुळीने इतकं घट्ट झालं होतं की पेढ्यासारखं नखाने उकरावं लागलं. एका कोपऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं, वाळून दगड झालेलं. हे आपल्याकडे नेहमीचं आहे. दोन महिने बोट उभी राहिली की ही माशी केबलची भोकं, पंपाचा पाइप, बटणांमागची पोकळी, काही सोडत नाही.

सगळं रॉकेलने धुतलं, पुसलं. तरी लिव्हरचा दांडा बुशमधून हाताने निघेना. कॅलिपर लावला. मी मे महिन्यात दांड्यापेक्षा ०.१ मिलिमीटर सैल ठेवलेलं भोक आता दांड्याला आवळून बसलं होतं. बुश फुगला होता. नायलॉन पाणी शोषतो आणि फुगतो. २० मिलिमीटरच्या बुशात एक टक्का फुगवटा धरला तरी ०.२ मिलिमीटर होतात. बाहेरून बॉक्सच्या भिंतीने धरलेला असल्याने बाहेर पसरायला जागा नाही, मग भोक आत आवळतं. थंडीत हवा कोरडी झाली की बुश सुकतो, लिव्हर मोकळा होतो आणि आपण समजतो की आपलीच दुरुस्ती लागू पडली.

मग बुश अ‍ॅसिटलचा केला. प्लास्टिकच्या दांड्यांच्या दुकानात डेल्रिन म्हणून मागितलं की मिळतं. पांढऱ्या रंगात दिसायला नायलॉनसारखंच असतं, त्यामुळे दुकानदाराला दोनदा विचारून घ्या. ते पाणी फार थोडं शोषतं. लेथवाल्याने गनमेटलचा सल्ला दिला होता. पोलादी बॉक्स असता तर मी ऐकलं असतं. पण हा बॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव होता. अ‍ॅल्युमिनियमला तांब्याचा मिश्रधातू चिकटून राहिला आणि मधे ओल आली की अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या पावडरीसारखं झडत जातं. नायलॉनचाच बुश वापरणं भाग असेल तर कातल्यावर पाणी पुरेसं शोषलं जाईपर्यंत पाण्यात बुडवून ठेवा आणि मगच भोक शेवटच्या मापाला आणा. मी मात्र आता तो वापरत नाही.

ग्रीस पाण्याने न धुपणारं हवं, बोटीसाठीचं किंवा चांगलं लिथियम ग्रीस. ते पातळ थरात लावायचं. ढेकळं भरली तर तीच पुढच्या वर्षीची धूळ धरतात. छर्ऱ्याची स्प्रिंग दमली असेल तर न्यूट्रलचा 'टक्' हाताला जाणवत नाही. ती बदलाच, कारण काठाजवळ आल्यावर डोळे पाण्यावर असतात आणि न्यूट्रल फक्त तळहातालाच कळतं.

बॉक्स ज्या फळीवर बसवलेला असतो तीही ठोकून बघा. फायबरच्या आत प्लायवुड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून ते कुजलं की लिव्हर ओढताना अख्खा बॉक्सच डुलतो, केबलची निम्मी चाल तिथेच वाया जाते आणि गिअर अर्धवट पडतो. अर्धवट पडलेला गिअर कटकट आवाज करत आतल्या क्लचच्या दातांचे कोपरे झिजवतो. कुजलेला भाग खरवडून, सुकवून, इपॉक्सी भरून मागून स्टीलची पट्टी द्यावी लागते. ऊन चांगलं असेल तर दोन दिवसांत होतं.

जोडणी करताना लिव्हर न्यूट्रलला, इंजिनाचा आडाही न्यूट्रलला. पंखा दोन्ही बाजूंना हाताने मोकळा फिरला पाहिजे. आता केबलचं टोक पिनवर न ओढता, न ढकलता आपसूक बसलं पाहिजे. बसत नसेल तर टोकाचा तुकडा आट्यांवर फिरवून लांबी जुळवा, पण किमान ८ ते १० मिलिमीटर आटे आत राहिलेच पाहिजेत. लॉकनट आवळायला विसरू नका. मग एक जण पंखा हळू फिरवत असताना दुसऱ्याने पुढे आणि मागे गिअर टाकून बघायचा. न्यूट्रलपासून दोन्हीकडे सारख्याच चालीवर पंखा धरला गेला पाहिजे.

या बॉक्समध्ये आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती बघून मला खरंच राग आला. गिअरमध्ये असताना इंजिन स्टार्ट होऊ नये म्हणून बॉक्समध्ये एक छोटं न्यूट्रल बटण असतं. ते खराब झाल्यावर आधी कोणीतरी त्याच्या दोन तारा एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. स्टार्टर चालू झाला, काम झालं. पण गिअरमध्ये स्टार्ट झालेली बोट झेप घेते आणि उभा असलेला माणूस मागे पंख्याच्या बाजूला पडतो. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून तपासा. बहुतेक बॉक्समध्ये न्यूट्रलला बीप आलं पाहिजे आणि पुढे-मागे दोन्हीकडे ते बंद झालं पाहिजे. बटण खराब असेल तर नवीन घाला. ते मिळेपर्यंत बोट उभी राहिली तरी चालेल.

आता बटणं. लिव्हरची चाचणी हाताने होते, बटणांची मीटरने. बटण दाबल्यावर दिवा लागतो म्हणजे बटण चांगलं, असं नाही. कामाचा भार चालू ठेवून मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बटणाच्या येणाऱ्या तारेला, दुसरं जाणाऱ्या तारेला लावा. चांगल्या बटणावर ०.१ व्होल्टच्या आसपास आकडा येतो. ०.२ च्या वर गेला की मी बटण उघडतो किंवा बदलतो.

या बोटीत बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते आणि पंपाच्या तोंडाशी फक्त १०.८. हरवलेल्या १.७ पैकी ०.८ बटणात, ०.५ निगेटिव्हच्या जोडात आणि उरलेले तारेत जात होते. पंप ५ अँपिअर घेत होता, म्हणजे त्या अंगठ्याएवढ्या बटणात ४ वॅट उष्णता तयार होत होती. मागून बघितलं तर थिंबलजवळचं (तारेच्या टोकावर दाबलेल्या धातूच्या टोपीजवळचं) प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. बटण बदलून निगेटिव्ह तशीच ठेवली असती तर निम्मा त्रास राहिलाच असता. बहुतेक जण निगेटिव्हकडे बघतच नाहीत. पॅनेलमागे सगळ्या निगेटिव्ह एका पट्टीवर आणा, जोड घासून चकचकीत करा आणि त्या पट्टीपासून बॅटरीपर्यंत जाड तार न्या.

बटणांमध्ये कार्बन धरला असेल आणि बटण उघडण्यासारखं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जाड कागदाची पट्टी पॉइंटमधून (प्रवाह जोडणाऱ्या आतल्या टोकांमधून) ओढा. सँडपेपर नको. पॉइंटवर चांदीचा पातळ थर असतो, तो घासला गेला की आठवड्यात परत कार्बन धरतो. प्लास्टिकची टिकली उन्हाने फिकी पडून तिच्यावर केसासारख्या भेगा आल्या असतील तर साफसफाईवर वेळ घालवू नका. पाणी तिथूनच जातं. कोपरा दाबला की हॉर्न वाजायचा त्याचं कारण हेच होतं, आतला दोन पॉइंट जोडणारा पूल एका बाजूने तुटलेला.

नवीन बटण घेताना घरगुती वायरिंगची बटणं घेऊ नका. या बोटीत दोन तशी होती. '६ अँपिअर, २४० व्होल्ट' लिहिलेलं बघून वाटतं की १२ व्होल्टला तर सहज चालेल. पण घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि बटण उघडतानाची ठिणगी तिथे विझते. डीसीत तो शून्य येतच नाही, त्यामुळे पंप, हॉर्नसारख्या भारावर ठिणगी लांबते आणि पॉइंट जाळते. डीसीचं रेटिंग वेगळं लिहिलेलं बटण घ्या, पाण्यासाठी आयपी ६६ किंवा ६७ चं. बोटींच्या रॉकर बटणांचं नेहमीचं भोक साधारण ३७ गुणिले २१ मिलिमीटर असतं. जुन्या पॅनेलचं माप घेऊनच मागवा, नाहीतर फाइल मारत बसावं लागतं. हॉर्नसारख्या जास्त प्रवाहाच्या वस्तूला मधे रिले टाका. गाडीचा चार पिनांचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) नागपूरच्या सीताबर्डीत किंवा कोणत्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. ८६ वर बटणाकडून आलेली तार, ८५ वर निगेटिव्ह, ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ वरून हॉर्न. बटणावर मग नाममात्र प्रवाह राहतो. पण पेट्रोलची टाकी किंवा तिचा पाइप असलेल्या बंदिस्त कप्प्यात साधा रिले किंवा साधं बटण बसवू नका, तिथे एक ठिणगी पुरते.

तार एकेरी तांब्याची नको. इंजिनाच्या थरथरीने ती थिंबलच्या तोंडाशी तुटते आणि वरचं आवरण शाबूत राहिल्याने बाहेरून दिसतही नाही. बारीक तारांची मल्टिस्ट्रँड घ्या, पंपासाठी २.५ स्क्वेअर एमएम. थिंबल पक्कडीने चेपू नका, रॅचेटच्या क्रिंपरने दाबा आणि वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसत्या सोल्डरवर भरवसा ठेवू नका. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि तिथेच तुटते. तारांना बटणापाशी थोडा ढिला वळसा द्या, त्यांचं वजन थिंबलवर लटकता कामा नये. या पॅनेलमागे केबलच तारांच्या जुडग्याला ताणत होती. लिव्हर हलला की दिवे मिणमिणायचे ते त्यामुळे. म्हणजे दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचं एक टोक एकाच जागी होतं.

इंजिन पाण्याशिवाय चालवून चाचणी घेऊ नका, पाण्याच्या पंपाचं रबर मिनिटा-दोन मिनिटांत जळतं. पंखा काढून इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये न्यूट्रलवर चालवा. मग पंखा परत बसवून तलावावर, बोट दोन दोरांनी धक्क्याला बांधून, लाइफ जॅकेट घालून गिअरची चाचणी घ्या. पुढे, न्यूट्रल, मागे, निदान वीस वेळा. गिअर टाकताना लिव्हर दबकत हलवू नका, रेस खाली ठेवून ठामपणे एका झटक्यात टाका. हळूहळू टाकलेला गिअरच दात खातो.

पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी त्या दिवसाचे आकडे मार्करने लिहून ठेवले आहेत : तारीख, पंपाच्या बटणावर ०.१, हॉर्नच्या बटणावर ०.०५, बुश अ‍ॅसिटल, केबलची लांबी. शेजारी बारीक जाळीचा तुकडा चिकटवला आहे, कुंभारीण आत येते त्या भोकावर. पुढच्या वेळी झाकण दुसऱ्या कोणी उघडलं तर त्याला माझ्या तीन वर्षांपासून सुरुवात करावी लागणार नाही.